भालूशेठचा लॅग

माणसाच्या आयुष्यातली सगळी दुःखं उशिरामुळे होतात, असं एक तत्त्वज्ञान आहे. त्या तत्त्वज्ञानाचे एकमेव आचार्य पेणजवळच्या हमरापुरात माझ्या शेजारी राहतात, बारा महिने बनियन आणि लुंगीत असतात, आणि त्यांच्या कॉम्प्युटरला सोळा जीबी रॅम आहे.

"लॅग, मास्तर," ते मला सांगतात. "हातानं केलं आता, आणि झालं मग. ह्या दोघांच्या मधी जो टाइम हाय ना, त्याच्यातच माणूस मरतो."

कॉम्प्युटरवरच्या बंदुकीच्या खेळापुरती ही गोष्ट खरी आहे. पण आचार्य एका क्षेत्रापुरते थांबले तर त्यांना आचार्य कोण म्हणेल? रोह्याची गाडी उशिरा आली, लॅग. ग्रामपंचायतीने मंजूर केलेली गटार चार वर्षांनी खणली, लॅग. सुमनवैनींनी जेवायला हाक मारली आणि शेठ अर्ध्या तासाने उठले, तर तोसुद्धा लॅगच. फक्त तो नेटवर्कचा, त्यात शेठचा दोष नाही.

भालूशेठचं वय बासष्ट. धंदा गणपतीचा. आमच्याकडे गणपतीचा कारखाना म्हणतात तेव्हा धुराडं आणि भोंगा डोळ्यांसमोर आणू नये. घरामागे पत्र्याची शेड, शेडमध्ये फळ्यांच्या रांगा, रांगांवर पांढरे गणपती, आणि त्यांच्यामधून वाट काढत फिरणारी कोंबडी, एवढा कारखाना. मुलगा दिनेश रोह्याकडे कंपनीत आहे. शिफ्ट सुटली की साच्याचं काम बघतो. सुमनवैनी पितांबरं रंगवतात. सून रेश्मा अंगाचा रंग, दागिने, मुकुट करते. कोणीही कोणाच्या कामाला हात लावतं. आखणी सोडून.

आखणी म्हणजे डोळे काढणं. ते काम भालूशेठचं. गेली पस्तीसेक वर्षं या शेडमधून गेलेल्या प्रत्येक गणपतीने जगाकडे पहिल्यांदा पाहिलं ते भालूशेठच्या ब्रशाखालून. "साच्यातून निघतो तो नुसता माल," ते म्हणतात. "डोळे झाले की देव." म्हणजे शेठच्या हिशेबाने देवत्व यायला साधारण पाऊण मिनिट लागतं. आखणी चालू असताना शेडमध्ये बोलायचं नाही, पंखा लावायचा नाही, फोन बाहेर ठेवायचा. कोंबडीलासुद्धा हाकलतात. मी शाळेत तीस वर्षं प्रार्थनेच्या वेळी मुलांना गप्प करायचा प्रयत्न केला. इतकी शांतता मला एकदाही साधली नाही.

अशा माणसाच्या घरात बंदुकीचा खेळ शिरला तो टाळेबंदीत. व्यापाऱ्यांना मूर्तींचे फोटो पाठवायला दिनेशने कॉम्प्युटर घेतला होता. त्यात त्याने स्वतःसाठी एक खेळ घातला. एके दुपारी तो झोपलेला असताना वडील खुर्चीत बसले, आणि दिनेशला ती खुर्ची पुन्हा मिळाली नाही.

खेळातही शेठनी शिस्त आणली. गुरुवारी आणि चतुर्थीला गोळीबार बंद. श्रावणात तर महिनाभर माणसं मारायची नाहीत. त्यावर दिनेशने तोडगा काढला. त्या खेळात सरावाची एक खोली आहे. तिथे भिंतीवर गोल उमटतात आणि क्षणात विझतात. विझायच्या आत नेम धरून टिचकी मारायची. तीस गोल झाले की किती लागले ते दिसतं. रक्त नाही, प्रेत नाही, उपासाला चालतं. गेल्या वर्षीच्या श्रावणात शेठ त्या खोलीत शिरले. गणपती आले, गेले, दिवाळी आली, पण ते काही त्या खोलीबाहेर आले नाहीत.

आणि लॅगचा शोध तिथेच लागला.

"गोल दिसतो तवाच मी मारतो," ते म्हणाले. "पण गोळी मागून जाते. मशीन स्लो हाय."

मशीन स्लो आहे म्हटल्यावर दिनेशने रॅम वाढवली. शेठनी तीस गोल मारले आणि मान हलवली. "जरा सुधारलंय. पण हाय अजून मागं." मग हार्ड डिस्क काढून एसएसडी आली. मशीन आता बटण दाबल्यावर दहा सेकंदांत जागं व्हायचं. पूर्वी ते जागं होईपर्यंत शेठचा चहा व्हायचा. आता चहा नाही म्हणून तेही त्यांनी मशीनच्याच खात्यात तक्रार म्हणून टाकलं. मग ग्राफिक कार्ड.

कार्ड आलं ते कॅबिनेटपेक्षा दोन बोटं लांब. दुसऱ्या कोणी कॅबिनेट बदललं असतं. भालूशेठनी करवत आणली. आतला पत्र्याचा एक कप्पा कापून कार्डाला जागा केली. कापलेली कड उघडीवाघडी दिसते म्हणून तिला प्लास्टर लावलं, घासून गुळगुळीत केलं आणि वर भगव्या रंगाचा एक हात दिला. कॅबिनेटच्या आत मखर असलेला हा तालुक्यातला पहिला कॉम्प्युटर असावा.

प्रोसेसर आणि त्याच्यावरचा पंखा यांच्यामध्ये एक लेप लावतात. उष्णता वर जावी म्हणून तो अगदी पातळ लावायचा असतो. दिनेशने ट्यूब दिली आणि तो शिफ्टला गेला. भालूशेठनी जन्मभर शाडू हाताळलेली. पातळ थराला भेगा जातात, हे त्यांना आईच्या दुधाबरोबर मिळालेलं ज्ञान. त्यांनी अख्खी ट्यूब पिळली, लाकडी कोरणीने बोटभर थर चढवला, कडा गोल केल्या आणि सुकायला ठेवला. मशीन चालू केल्यावर चार मिनिटांत तापून बंद पडलं.

"थर जाड झाला," दिनेश म्हणाला.

"भेग गेली का?" शेठनी विचारलं.

"भेग कशाला जाईल?"

"मग काम चांगलं झालंय. मशीनच तापट हाय."

या सगळ्यात शेठचं एक गाणं कायम होतं: अजून जरा मागं हाय. रॅम आली तरी मागं, कार्ड आलं तरी मागं. मी संशयी माणूस आहे. लोक ज्या गोष्टीबद्दल फार बोलतात त्या गोष्टीकडे मी बघत नाही, बाजूला बघतो. तसं बघताना मला एकदा चहा दिसला.

भालूशेठ पूर्वी चहा बशीतून पीत. काठोकाठ भरलेली बशी तीन बोटांवर तोलून, थेंब न सांडता, बोलत बोलत. ही बशी बघायला मी मुद्दाम चहाच्या वेळेला जात असे. त्या हिवाळ्यात माझ्या लक्षात आलं की बशी गेली आणि स्टीलचा पेला आला. तोही अर्धाच. आणि शेठ तो दोन्ही हातांनी धरत होते.

"वैनी, शेठना अर्धाच चहा?" मी विचारलं.

"पुरा भरला तर लॅग सांडतो ह्यांचा," सुमनवैनी म्हणाल्या.

शेठ मॉनिटरकडे बघत राहिले. मी निघालो तशा वैनी पडवीपर्यंत आल्या. आवाज खाली करून म्हणाल्या, "पेणच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्यात. हाताचं कापणं जरा कमी होतं, जात नाय. वयाचं हाय म्हणाला. चैतापासून आखणी लागेल, मास्तर. दुसऱ्या कुणाला ब्रश धरू देतील असं वाटत नाय मला. कसं करणार हाय हा माणूस, देवालाच ठाऊक."

तो देव मागे शेडमध्ये पांढराफटक, बिनडोळ्यांचा, रांगेत उभा होता.

माघात मशीन एकदम गेलं. त्याचं असं झालं. कारखान्यातली प्लास्टरची धूळ कॅबिनेटमध्ये साचायची आणि पंखे कण्हायला लागायचे. धूळ हवेच्या झोताने उडवावी, असं दिनेशने सांगून ठेवलं होतं. हवेचा झोत शेठच्या घरात होताच. मूर्ती रंगवायचा कंप्रेसर आणि त्याची पिचकारीसारखी गन. शेठनी कॅबिनेट उघडलं, गन रोखली आणि खटका दाबला. गनच्या वाटीत रेश्माने मुकुटासाठी घातलेला सोनेरी रंग शिल्लक होता.

मी पोचलो तेव्हा शेठ कॅबिनेटसमोर मांडी घालून बसले होते. मदरबोर्ड, कार्ड, पंख्यांची पाती, आतलं भगवं मखर, सगळं कसं झळाळत होतं. वाईट वाटलं हे खरं, पण रंगाचा हात एकसारखा बसला होता हेही तितकंच खरं.

"चालू करून बघितलं?" मी विचारलं.

"बघितलं. ठिणगी पडली, मग वास आला, मग काय नाय."

"बाबा, वाटी धुवून ठेवायची राहिली माझी," रेश्मा दारातून म्हणाली. तिचा चेहरा पडला होता.

"तुजी कशाला? खटका मी दाबला," शेठ म्हणाले. "पण कलर बरीक मस्त कालवलायस गो."

मशीन घेऊन आम्ही रोह्याला निघालो. पनवेलवाले नवीन विकतात आणि रोह्याचा माणूस जुनं जगवतो, असं शेठचं मत. दिनेशच्या ओळखीचं दुरुस्तीचं दुकान तिथे होतं. नाजूक वस्तू प्रवासाला कशी न्यायची हे हमरापुरात कोणाला शिकवावं लागत नाही. शेठनी पाटीत पेंढा अंथरला, त्यावर कॅबिनेट बसवलं, बाजूंनी आणखी पेंढा दाबला आणि वरून लाल कापड टाकून सुतळीने बांधलं. गाडीत पाटी बाकावर ठेवली आणि आम्ही दोघे दोन बाजूंना बसलो.

कासूला एक म्हातारी चढली. पाटीकडे बघून तिने आधी चपला काढल्या. मग हात जोडले. मग कनवटीची जास्वंदीची पुडी सोडून एक फूल लाल कापडावर ठेवलं.

"माघी गणपती का वो? जरा उशीर झाला," ती म्हणाली.

मी खिडकीबाहेर बघू लागलो. खरं बोलायची जबाबदारी माझ्यावर नव्हती.

"नमस्कार नको करू, बाय," भालूशेठ अत्यंत गंभीरपणे म्हणाले. "ह्याच्यात आता प्राण नाय. पॉवर सप्लाय गेलाय."

म्हातारीने थोडा विचार केला. "येईल," ती म्हणाली. "तो परत येतोच." आणि फूल तिथेच राहू दिलं.

रोह्याच्या दुकानदाराने सुतळी सोडली, फूल उचलून बाजूला ठेवलं, कॅबिनेट उघडलं आणि बराच वेळ आत बघितलं. त्या धंद्यात त्याने पाणी गेलेली, पालींनी घरं केलेली, पुरात बुडालेली यंत्रं पाहिली असतील.

"शेठ," तो शेवटी म्हणाला, "विसर्जन कधी हाय?"

मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय नवे घालावे लागले. कार्ड धुवूनपुसून वाचलं. त्याच्या पात्यांवर सोनं अजून आहे. त्याच फेरीत शेठनी नवीन माउस घेतला आणि एक मॉनिटर सांगून ठेवला, एका सेकंदात एकशे चव्वेचाळीस वेळा चित्र बदलणारा. साध्याचं साठ वेळा बदलतं. "त्या साठांच्या मधल्या फटीत गोल निसटतो," शेठनी मला परतीच्या गाडीत समजावून सांगितलं. मी मान डोलावली. मला समजलं होतं ते एवढंच, की चैत्र दीड महिन्यावर आला होता.

शिमगा झाल्यावर मॉनिटर आला. दोन दिवसांनी दुपारी शेठची हाक आली, "मास्तर, जरा या."

मी गेलो. शेडच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी शेठ बसले होते. मशीन झकास चाललं होतं. पडद्यावर सगळं पाण्यासारखं सरकत होतं.

"बसा. तीस मारा."

"मी? अहो, मला साधी सायकल सरळ चालवता येत नाही."

"म्हणूनच. बसा."

बसलो. गोल उमटायचे, मी टिचक्या मारायचो. दर तिसऱ्या वेळी मी गोल कुठे आहे हेच शोधत होतो. तीस झाले तेव्हा पडद्यावर आकडा आला. एकवीस.

शेठनी कानामागची पेन्सिल काढली आणि टेबलामागच्या भिंतीवर काहीतरी लिहिलं. तेव्हा मी त्या भिंतीकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. मूर्तींच्या मापांच्या गर्दीत एक उभी यादी होती. अक्षर वरच्या ओळीला सरळ होतं, खाली येता येता वेडंवाकडं होत गेलेलं. जुनं मशीन, वीस. रॅम, एकोणीस. एसएसडी, एकोणीस. कार्ड, अठरा. माउस, अठरा. मॉनिटर, सतरा. त्याखाली आता आलं होतं: मास्तर, एकवीस.

मी शिक्षक होतो. चढत्या आणि उतरत्या आकड्यांतून काय निघतं ते मी मुलांना शिकवलं आहे. मशीन चढत गेलं होतं आणि आकडा उतरत गेला होता. सहा महिने हा माणूस मशीनला शिव्या घालत होता असं आम्ही सगळे समजत होतो. प्रत्यक्षात तो मशीनचा एकेक दोष काढून टाकत होता. मागे काय उरतं ते बघायला.

"माझं धरू नका," मी म्हणालो. "आंधळ्याचा नेम लागला. आणि मला वाटतं, हा माउसच जरा..."

"मास्तर, खोटं बोलायला पण प्रॅक्टिस लागते," शेठ म्हणाले. ते हसत होते. "माउस नवीन हाय. सगळेच पार्ट नवीन हायत. एक सोडून. तो रोह्याला मिळत नाय."

त्यांनी उजवा हात टेबलावर पालथा ठेवला. आम्ही दोघांनी तो बघितला. तो थोडा हलत होता, गाडी सुटायच्या आधी डबा हलतो तसा.

"असा कसा सोडू, तुमीच सांगा," ते म्हणाले. "पस्तीस वर्षं. आधी बाकी सगळी कारणं संपवायला नको?"

शेठनी मान वळवली. शेडच्या दुसऱ्या टोकाला रेश्मा एका मूर्तीच्या बाजूबंदावर बारीक मणी टिपत होती.

"गो रेश्मा, इकडं ये. बस. तीस मार."

"बाबा, रंग सुकेल."

"सुकू दे."

तिने हात पदराला पुसले आणि बसली. अंगठ्याएवढ्या जागेत चाळीस मणी काढणारी ती बाई. गोल उमटायच्या आत जणू तिला कळत होतं. अठ्ठावीस आले. शेठनी भिंतीवर आकडा लिहिला नाही. पेन्सिल पुन्हा कानामागे गेली.

"कसं हाय मशीन?" त्यांनी विचारलं.

"फास्ट आहे, बाबा."

"लॅग?"

"कुठं काय."

शेठनी मान हलवली. बराच वेळ हलवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः शेडमध्ये झाडू घेऊन फिरले. कोंबडी हाकलली. दिनेशचा आणि माझा फोन बाहेर पडवीत ठेवायला लावला. एक दोन फुटी मूर्ती उचलून रेश्मासमोर पाटावर ठेवली आणि तिच्या हातात ब्रश दिला. आपला, लाकडी दांड्याचा, बोटांच्या जागी झिजलेला.

"बाबा, नको. माज्याकडून जमायचं नाय," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"आधी डोळे पूस. तुला दिसलं तर त्याला दिसेल. बुबुळ खाली घे जरा. आपला देव वर नाय बघत, समोर बसलेल्याकडं बघतो. एका श्वासात एक डोळा. मधी थांबू नको."

एवढं सांगून ते उठले आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी गेले. कॉम्प्युटर चालूच होता. खाली वाकून त्यांनी तो बंद केला.

"कार्डाचा पंखा आवाज करतो," ते मला कुजबुजत म्हणाले.

मग बंद पडद्यासमोर, रेश्माकडे पाठ करून, दोन्ही हात मांडीखाली दाबून ते बसून राहिले. काळ्या पडद्यात त्यांना तिचं काम दिसत असावं. मी विचारलं नाही. बोलायची परवानगी नव्हती. सुमनवैनी दारात उभ्या होत्या, पितांबराचा पिवळा ब्रश हातात तसाच धरून. बऱ्याच वेळाने मागून रेश्माचा मोठा श्वास ऐकू आला. शेठ वळून बघत नव्हते. वैनी म्हणाल्या, "बघा की आता." तेव्हा ते उठले, मूर्तीसमोर उभे राहिले, आणि गाडीतल्या त्या म्हातारीने केला होता त्याहून बराच मोठा नमस्कार त्यांनी केला.

"उजवा जरा मोठा झाला," ते म्हणाले. "चालंल."

त्या हंगामातली सगळी आखणी रेश्माने केली. शेठनी ही गोष्ट गिऱ्हाइकांना सांगायची नाही असं बजावलं होतं. लोक नाराज होतील, पिढ्यान्‌पिढ्यांची गिऱ्हाइकं तुटतील, नजरेतला फरक जाणत्याला लगेच कळतो, असं त्यांचं म्हणणं. जुलैत पुण्याचा एक जुना व्यापारी माल उचलायला आला. एकेका मूर्तीसमोर थांबत तो शेडभर फिरला. शेठ त्याच्यामागे चोरासारखे चालत होते. शेवटी व्यापाऱ्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "शेठ, हात आहे तुमचा! यंदा तर कमालच."

शेठ खाली वाकले आणि त्याच्या मूर्तींसाठी पाटीत पेंढा अंथरू लागले.

गणपती झाल्यावर मी सुमनवैनींना विचारलं, यंदा एकंदर कसं झालं. त्या म्हणाल्या, डोळे चुकले म्हणून एकही मूर्ती परत आली नाही. आदल्या वर्षी सात आल्या होत्या.